निवड-प्रयोगाची कार्डं: पायलटआधी शून्य भरू नका

समजा, निवड-प्रयोगातून दवाखान्याबद्दलची पसंती मोजायची आहे, म्हणजे कार्डावर दोन काल्पनिक दवाखाने दाखवून ‘कुठला घ्याल?’ असं विचारायचं आहे. फी, थांबण्याचा वेळ आणि अंतर यांच्या प्रत्येकी ४ पातळ्या. औषधं तिथंच मिळणं आणि संध्याकाळची वेळ यांच्या २-२. एकूण २५६ दवाखाने, जोड्या ३२,६४०. एवढ्या विचारता येत नाहीत, म्हणून डी-एफिशियंट डिझाइन, म्हणजे मोजक्या जोड्यांतून जास्तीत जास्त माहिती देणारी निवड. २४ जोड्या बनवून १२-१२ चे दोन ब्लॉक (गट, एका माणसाला एकच) केले की माणूस कंटाळत नाही. ‘कुठलाच नको’ हा तिसरा पर्याय ठेवा.

खरी गोम प्रायरमध्ये, म्हणजे डिझाइन काढताना आधीच धरलेल्या अंदाजात आहे. सगळे गुणांक (कुठली गोष्ट पसंती किती वाढवते-घटवते ते आकडे) शून्य धरले तर सॉफ्टवेअरला फी वाढलेली बरी की वाईट हेच कळत नाही. मग असं कार्ड निघतं: ‘अ’ ५० रुपये, १५ मिनिटं, १ किमी, ‘ब’ ३०० रुपये, दोन तास, १० किमी, बाकी सारखं. ‘ब’ घेणार कोण? कार्ड फुकट गेलं.

त्यामुळे पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-फेरीला, फी, वेळ, अंतर यांना छोटे ऋण आकडे द्या. ३०-५० जणांकडून भरून घ्या, साधं मल्टिनॉमियल लॉजिट (निवडींवरून गुणांक काढणारं मॉडेल) चालवा आणि मिळालेले गुणांक प्रमाण त्रुटीसकट (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) बेजियन प्रायर, म्हणजे एका आकड्याऐवजी शक्यतांचा पट्टा, म्हणून घालून डिझाइन पुन्हा काढा. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं आयडीफिक्स (idefix) पॅकेज हे करतं. पायलटचा आकडा अचूक समजून एकच ठोकू नका; तो चुकला तर कार्यक्षमता घसरते.

शेवटी चोवीसही कार्डं डोळ्यांनी वाचा. ३०० रुपये फी एकाच ब्लॉकमध्ये गोळा झाली असेल तर ब्लॉक बदला. कार्डांचा क्रम मात्र प्रत्येकासाठी वेगळा.