नर्व्ह ट्रान्सफरच्या आधीची एनसीव्ही-ईएमजी: जायच्या आधी हे बघून घ्या

माझ्या लहान भावाच्या मानेला मार लागला, सी६ ची इंज्युरी, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला दुखापत. कोपर वाकते, मनगट वर होते, पण बोटं मिटत नाहीत. सर्जन म्हणाले नर्व्ह ट्रान्सफर करता येईल, आधी एनसीव्ही-ईएमजी करून आणा. म्हणजे करंट देऊन नसा आणि बारीक सुई टाकून स्नायू तपासायची टेस्ट. नागपुरातच एका सेंटरला गेलो, भावाला गाडीतून उतरवायलाच तीन माणसं लागतात, आणि तिथं हाताच्या नेहमीच्या दोन-तीन नसा तपासून रिपोर्ट दिला. सर्जननी बघितला आणि म्हणाले, मला पायजे त्या नसा यात नाहीतच. सगळं परत.

म्हणून पहिली गोष्ट, सर्जनकडून कोणत्या नसा आन् कोणते स्नायू तपासायचे ते कागदावर लिहून घ्या आणि अपॉइंटमेंट घेतानाच तो कागद सेंटरला दाखवा. ऑपरेशनमध्ये चालू नसेची एक फांदी काढून बंद पडलेल्या नसेला जोडतात. उदाहरणार्थ कोपर वाकवायला बायसेप्स आहेच, म्हणून त्याच्याखालच्या ब्रॅकिएलिसची नस काढून अंगठा आणि पहिलं बोट वाकवणाऱ्या नसेला देतात. बोटं उघडायची असतील तर सुपिनेटरची, म्हणजे तळवा वर फिरवणाऱ्या स्नायूची फांदी. म्हणजे देणारी नस ताकदीची आहे का, आणि घेणारी खालून जिवंत आहे का, हे दोन्ही कळलं पायजे.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कोपराजवळ करंट दिला आणि भावाचा अंगठा टुणकन वाकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आईला वाटलं हात सुधरला. तसं नसते, मेंदूचा निरोप मानेतच अडकते पण मानेच्या खालची वायर शाबूत आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि तेच पायजे होतं, कारण अशा नसेला उशीर झाला तरी वाव राहते. जिथं करंट देऊनही स्नायू हलत नाही आणि सुई टाकल्यावर शांत स्नायूतही मशीनवर बारीक खरखर येते, तिथं मणक्यातल्या मज्जारज्जूच्या पेशीच गेल्या असतात. मग वेळ महत्त्वाचा, सहा महिन्यांच्या आसपास, फार तर वर्षभरात ऑपरेशन झालेलं बरं, कारण नस दिवसाला साधारण १ मिलिमीटरच वाढते आणि तोवर स्नायू वाळत जाते. पण मार लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घाईने टेस्ट करू नका, सुईतले बदल तेव्हा दिसतच नाहीत.

त्या दिवशी सकाळी तेल, क्रीम काही लावू नका. उपाशी जायची गरज नाही. हात गरम ठेवा, थंड हातात नस हळू चालते आणि रिपोर्ट चुकते, जानेवारीत किंवा एसीच्या खोलीत तर शालच न्या. समोरून बटणाचा हाफ शर्ट घाला. रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर आधीच सांगा. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करायची गोळी) स्वतःच्या मनाने बंद करू नका. एमआरआय आणि आशिया चार्ट (कुठवर ताकद आणि संवेदना आहे त्याचा डॉक्टरांनी भरलेला तक्ता) सोबत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टी६ (छातीच्या मणक्यातली सहावी पातळी) किंवा त्याच्या वरची इंज्युरी असेल, मानेतलीही त्यातच आली, तर खाली दुखलेलं जाणवत नसलं तरी त्यानं बीपी एकदम वाढू शकते. लघवी आधी काढून घ्या, कॅथेटरची नळी दबलेली नाही ना ते बघा. मध्येच डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर टेस्ट तिथंच थांबवायला लावा, पेशंटला ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी तपासा, बीपी मोजायला लावा. ही इमर्जन्सी आहे, संकोच करायचा नाही. आम्हाला पावणेदोन तास लागले, तेवढ्यात बसून जखम होऊ नये म्हणून मध्ये मध्ये अंग उचलून प्रेशर काढत राहा.

रिपोर्टमध्ये नुसतं 'अबनॉर्मल' नको, प्रत्येक नसेचे आकडे आणि सुईचं वर्णन मागून घ्या. आणि एखादी नस कमजोर आली म्हणून घरीच 'ऑपरेशन नाही' असं ठरवू नका, ऑपरेशनमध्ये नस उघडल्यावर सर्जन करंट देऊन पुन्हा बघतात.