विलायती किताबाच्या वारसाचा दावा कसा तपासावा

ब्रिटनमधल्या एखाद्या अर्लच्या किंवा बॅरनच्या किताबावर दोघे हक्क सांगू लागले की बहुतेक अभ्यासक आधी वंशावळ उघडतात. इथेच चूक होते. आधी सनद वाचायची, मग माणसे मोजायची. आपल्याकडच्या वतनाच्या सनदेतले ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हे शब्द पुढच्या पिढ्यांचा निकाल आधीच लावून ठेवत. विलायती किताबाचेही तसेच आहे. रक्ताने जवळचा कोण, हा प्रश्न नंतरचा. किताब पुढे कोणाकडे जावा असे देणाऱ्या राजाने लिहून ठेवले आहे, हा पहिला.

किताब नेमका कोणता, ते आधी ठरवा

नुसते नाव पुरत नाही. एकच नाव वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या घराण्यांना दिलेले असते, आणि दर वेळी तो नवा किताब असतो. म्हणून नावासोबत तीन गोष्टी टिपा: निर्मितीचे वर्ष, कोणत्या राज्याचा किताब आणि धारकाचा क्रमांक. राज्य महत्त्वाचे, कारण १७०७ पूर्वी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे किताब वेगळे होते आणि त्यांचे वारसाचे नियमही वेगळे आहेत. १७०७ नंतर ग्रेट ब्रिटनचे, १८०१ पासून युनायटेड किंग्डमचे किताब सुरू होतात. आयर्लंडचे त्यांहून निराळे. बॅरोनेट वंशपरंपरागत असला तरी उमरावांत मोडत नाही, त्याची नोंदवही वेगळी.

क्रमांक टिपायचे महत्त्व मुंबईच्या उदाहरणावरून चटकन कळते. जमशेटजी जिजीभाई यांना १८५७ मध्ये बॅरोनेटपद मिळाले. १८६० च्या खास कायद्याने असे ठरले की जो वारस गादीवर येईल त्याने जमशेटजी जिजीभाई हेच नाव घ्यायचे. त्यामुळे जुन्या कागदांत सगळेच ‘सर जमशेटजी’. क्रमांक आणि मूळ नाव यांची जोडी आधी लावली नाही, तर मुलाचे कागद नातवाच्या नावावर पडतात.

सनदेतले वारसाचे कलम

बहुतेक किताब राजाच्या सनदेने दिलेले आहेत आणि त्यांत नेहमीचे कलम असते: ‘त्याच्या देहापासून झालेले पुरुष वारस’. याचा अर्थ मुलगा, मुलाचा मुलगा, आणि ती शाखा संपली तर पहिल्या धारकाच्या दुसऱ्या मुलाची पुरुषशाखा. मुलीचा मुलगा यात कधीच बसत नाही. पहिल्या धारकाच्या भावाची शाखाही बसत नाही. ती बसवायची तर कलमात तसे लिहावे लागते.

कधी कधी तसे लिहिलेले असते. लॉर्ड माउंटबॅटन यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या १९४६ च्या व्हायकाउंटपदाच्या आणि १९४७ च्या अर्लपदाच्या सनदांत मुलींना वारसा देणारे खास कलम घातले गेले. १९७९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर थोरली मुलगी काउंटेस झाली ती त्या कलमामुळे. कलम पाहिले नसेल तर ‘मुलगी कशी काय?’ या प्रश्नावरच अडायला होते.

इंग्लंडच्या काही जुन्या बॅरनपदांना सनदच नाही. राजाने पार्लमेंटला हजर राहण्याचा हुकूम पाठवला आणि माणूस येऊन बसला, एवढ्यावर तो किताब उभा आहे. तो मुलींकडे जाऊ शकतो. पण मुली एकीहून जास्त असतील तर थोरलीला अग्रहक्क नसतो, सगळ्या समान वाटेकरी ठरतात आणि किताब कोणाकडेच न जाता अधांतरी राहतो. एकच वाटेकरी उरेपर्यंत किंवा राजा एकीच्या बाजूने कौल देईपर्यंत तो तसाच राहतो. स्कॉटलंडमध्ये अशी अडचण येत नाही: जिथे मुलींना वारसा आहे तिथे तो थोरलीला मिळतो. इंग्लंडचा नियम स्कॉटिश किताबाला लावणे ही वरचेवर दिसणारी चूक आहे.

सनदच नसेल तेव्हा: मारचे अर्लपद

अवघड प्रसंग कागद हरवल्यावर येतो. त्यासाठी स्कॉटलंडमधल्या मारच्या अर्लपदाइतका चांगला धडा नाही, म्हणून त्याच्याकडे निवांत पाहू.

ॲबर्डीनशायरमधला मार हा मुलूख आणि त्याचे अर्लपद बाराव्या शतकापासून कागदांत सापडते. १४०४ मध्ये हे पद इझाबेल डग्लस या विधवेकडे स्वतःच्या हक्काने होते. राजघराण्यातल्या अलेक्झांडर स्ट्यूअर्टने तिचा किल्ड्रमी किल्ला घेतला आणि तिच्याकडून कागद लिहून घेतला. मग त्याच वर्षाच्या डिसेंबरात लग्नाच्या वेळी तिने दुसरा कागद केला, ज्यात दोघांना मूल न झाल्यास वारसा तिच्या रक्ताच्या लोकांकडे जावा असे होते. १४३५ मध्ये अलेक्झांडर औरस संततीविना वारला. तिच्या बाजूने रॉबर्ट अर्स्किनने १४३८ मध्ये हक्क सांगितला, पण १४५७ मध्ये राजाने न्यायालयाकरवी मार स्वतःकडे घेतले. पुढची शंभर वर्षे ते राजाने आपल्या मर्जीतल्या लोकांना दिले.

१५६५ मध्ये राणी मेरीने ते जॉन, लॉर्ड अर्स्किन याला दिले. जमिनींची सनद आहे. अर्लपदाचा कागद मात्र नाही. अर्स्किन घराण्याला जुने पद परत मिळाले की त्याच नावाचे नवे पद मिळाले, हा सगळ्या भांडणाचा गाभा. परत मिळाले असेल तर मुलींच्या शाखाही वारस. नवे असेल तर काय?

हा प्रश्न तीनशे वर्षे कोणी विचारला नाही, आणि त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्ट्यूअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या उठावात, त्या वेळच्या अर्लने सेनापतीपद घेतले आणि राजद्रोहाच्या ठपक्याने किताब गेला. १८२४ च्या कायद्याने तो ज्याला परत मिळाला, तो जॉन फ्रान्सिस अर्स्किन बंडखोर अर्लच्या मुलीचा मुलगा होता. आणि त्याचे वडील त्याच अर्लच्या भावाचे चिरंजीव. म्हणजे स्त्रीशाखा आणि पुरुषशाखा एकाच माणसात मिळाल्या होत्या. कोणत्या हक्काने अर्ल, हे ठरवायची गरजच पडली नाही.

१८६६ मध्ये त्याचा नातू निपुत्रिक वारला आणि वाटा फुटल्या. बहिणीचा मुलगा रक्ताने जवळचा. चुलतघराण्यातला वॉल्टर अर्स्किन पुरुषशाखेचा. मृत अर्लकडे असलेले दुसरे पद, १६१९ चे केलीचे अर्लपद, वॉल्टरला निर्विवाद मिळाले, कारण ते फक्त पुरुषांकडे जाणारे होते. त्याने मारवरही दावा केला; १८७२ मध्ये तो वारल्यावर मुलाने दावा पुढे चालवला. १८७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने ठरवले की जुने पद पंधराव्या शतकातच संपले, १५६५ चे पद नवे होते, आणि कलम माहीत नसेल तर ते पुरुष वारसांसाठीच होते असे धरायचे.

माझ्या मते हा निकाल कच्च्या पायावर होता. १६०६ मध्ये स्कॉटलंडच्या उमरावांचा मानक्रम कागदपत्रे पाहून ठरवला गेला, तेव्हा मारला १५६५ पेक्षा कितीतरी जुन्या तारखेची जागा दिली होती. पद १५६५ मध्ये जन्माला आले असते, तर चाळीस वर्षांनी, प्रतिस्पर्धी अर्ल समोर बसलेले असताना, ती जागा त्याला कशी मिळाली असती? आक्षेप इतके वाढले की शेवटी पार्लमेंटला १८८५ मध्ये कायदा करावा लागला. निकाल न उलटवता कायद्याने दोन पदे मानली: जुने मार, जे स्त्रीशाखेतूनही चालते आणि भाच्याला मिळाले, आणि १५६५ चे मार, जे केलीच्या अर्लकडे राहिले. म्हणून आज एकीकडे मारची काउंटेस आहे आणि दुसरीकडे मार व केलीचे अर्ल. एका यादीत दोन्ही दिसली तर ती छपाईची चूक समजू नका, आणि दोघांचे क्रमांक एकाच मालिकेत लावू नका.

यातून कामाची गोष्ट ही: मूळ कागद नसेल तर नंतरच्या काळात त्या किताबाला कसे वागवले ते शोधा. मानक्रमाच्या याद्या, पार्लमेंटच्या हजेऱ्या, जमिनीच्या सनदा, जप्ती आणि परतीचे कायदे. मात्र जमिनीच्या सनदेतले कलम आपोआप किताबाला लागू होत नाही, हे १८७५ च्या निकालाने ठासून सांगितले आहे.

वंशावळ: खालून वर, आणि मग आडवी

कलम हातात आल्यावरच वंशावळ घ्या. दावेदारापासून सुरुवात करून वर जा. प्रत्येक पिढीला तीन कागद लागतात: जन्म, आईवडिलांचे लग्न, मृत्यू. सरकारी नोंदणी इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून, आयर्लंडमध्ये पूर्णपणे १८६४ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या.

वरपर्यंत पोचलात म्हणजे अर्धे काम झाले. आता आडवे जायचे: दावेदाराच्या शाखेहून थोरली असलेली प्रत्येक शाखा संपली आहे, हे दाखवावे लागते. परदेशी गेलेला, तरुणपणी बेपत्ता झालेला थोरला भाऊ हीच नेहमीची भगदाडे. ‘त्याचे पुढे काही कळले नाही’ हा पुरावा होत नाही.

लग्नाची तारीख

दावे सर्वाधिक इथे बुडतात. बर्कलीच्या पाचव्या अर्लचे लग्न १७९६ मध्ये उघडपणे झाले. त्याआधीच मुले झालेली होती. १७८५ मध्ये गुपचूप आधीचे लग्न झाले होते असे सांगून चर्चच्या वहीतली नोंद पुढे आणली गेली. १८११ मध्ये लॉर्ड्सनी ती मानली नाही आणि थोरल्या मुलाचा दावा फेटाळला. अशा वहीतली नोंद तपासताना आधीच्या व नंतरच्या नोंदींचा क्रम, शाई, हस्ताक्षर आणि साक्षीदार पाहायचे. एकट्या पानाची नक्कल पुरेशी नाही.

आईवडिलांनी नंतर लग्न केले तर मूल औरस ठरते, हे इंग्लंडच्या १९२६ च्या कायद्याने मान्य केले. पण किताबांचा वारसा त्यातून मुद्दाम वगळला. स्कॉटलंडचा जुना कायदा याबाबत उदार आहे. दत्तक मुलाला किताब मिळत नाही. औरस मुलाइतकाच दत्तकाला वारस मानणाऱ्या आपल्या परंपरेतून पाहणाऱ्याला हे खटकते, पण तपासताना स्वतःची परंपरा बाजूला ठेवावी लागते.

भारतीय विवाहाचा प्रश्नही लॉर्ड्ससमोर आलेला आहे. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये रायपूरचे बॅरन झाले (हे रायपूर बंगालमधल्या बीरभूमचे, छत्तीसगडचे नव्हे). त्यांचे लग्न हिंदू पद्धतीने झाले होते, आणि तेव्हाच्या हिंदू कायद्यात दुसऱ्या पत्नीला मज्जाव नव्हता. मग अशा लग्नातला मुलगा वारस कसा, अशी शंका निघाली. १९३९ मध्ये समितीने मुलाचा हक्क मान्य केला, कारण त्याच्या जन्माआधीच पतिपत्नी ब्राह्मो समाजात गेले होते आणि त्यामुळे तो विवाह एकपत्नी ठरला होता. इथे तारखांचा क्रमच निर्णायक होता.

डीएनए कुठे चालतो, कुठे थांबतो

प्रिंगल ऑफ स्टिचिल हे बॅरोनेटपद १६८३ चे, देहापासूनच्या पुरुष वारसांसाठी. दहावे बॅरोनेट २०१३ मध्ये वारल्यावर डीएनएवरून दिसले की नववे बॅरोनेट आठव्यांचे पुत्र नव्हते. २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने हा पुरावा स्वीकारला आणि पद आठव्यांच्या धाकट्या मुलाच्या शाखेकडे गेले. मॉयनिहान बॅरनपदाच्या १९९७ च्या निकालात डीएनए आणि लग्नाचे कागद ही दोन्ही साधने एकत्र दिसतात: तिसऱ्या बॅरनच्या एका मुलाला डीएनएने बाद केले, दुसऱ्याला बापाचा आधीचा घटस्फोट फसवणुकीचा ठरून त्याच्या आईशी झालेले लग्न बेकायदा ठरल्याने; किताब बॅरनच्या सावत्र भावाकडे गेला.

पण पितृत्वाचा निकाल न्यायालयाने आधीच दिलेला असेल तर तो उकरता येत नाही. ॲम्पथिलच्या बॅरनपदात १९२६ ला मुलगा औरस असल्याचे जाहीर झाले होते. १९७६ मध्ये सावत्र भावाने ते आव्हानले, आणि लॉर्ड्सनी जुना निकालच अंतिम मानला. म्हणून नमुने गोळा करण्याआधी जुने निकाल शोधा.

शेवटी, नोंद

२००४ पासून उमरावांची अधिकृत नोंदवही आहे. वारसाने जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले आणि प्रतिज्ञालेख देऊन तिच्यात नाव चढवल्याशिवाय सरकारी कागदांत त्याला त्या किताबाने संबोधत नाहीत. बॅरोनेटांची वही १९१० पासूनची. वादाची प्रकरणे लॉर्ड्सच्या समितीकडे किंवा प्रिव्ही कौन्सिलकडे पाठवली जात आली आहेत. नको असलेला किताब १९६३ च्या कायद्याने वारस झाल्यापासून एका वर्षात सोडता येतो, पण फक्त स्वतःपुरता. मृत्यूनंतर तो पुढच्या वारसाकडे जातो.

जिथे राजाच उरला नाही तिथे अशी नोंदवही शोधू नका. पेडण्याच्या देशप्रभूंना पोर्तुगालकडून व्हिस्कोंद हा किताब मिळाला होता. १९१० मध्ये तिथे प्रजासत्ताक आल्यावर अशा किताबांचा राजाश्रय संपला, त्यामुळे तिथल्या वादात जुनी सनद आणि घराण्याची कागदपत्रे एवढाच आधार राहतो. आणि इंटरनेटवर पैसे भरून मिळणारे ‘लॉर्ड’ किंवा ‘लेडी’ हे प्रमाणपत्र, स्कॉटलंडमधल्या फूटभर जमिनीसह आले तरी, यातल्या कोणत्याही वहीत जात नाही: उमरावाचा किताब विकता येत नाही आणि मृत्युपत्राने देताही येत नाही.