बौद्धनाथची कोरा: काठमांडूतील स्तूपाला फेरी घालताना

काठमांडूच्या बौद्धनाथला सकाळी सहा-सातच्या सुमारास किंवा दिवेलागणीला जावे. तेव्हा परिसरातली तिबेटी, तामांग, शेर्पा मंडळी जपमाळ घेऊन रोजच्या फेऱ्यांना निघतात. या प्रदक्षिणेला ‘कोरा’ म्हणतात. दुपारी बहुतेक पर्यटकच दिसतात.

मुख्य रस्त्यावरच्या दरवाजातून आत आलात की डावीकडे वळा, म्हणजे स्तूप उजव्या हाताला राहतो. दिशा एवढीच सांभाळायची. दुकान मागे राहिले म्हणून चार पावले उलटे फिरू नका, समोरून येणाऱ्या सगळ्या गर्दीला तुम्ही आडवे याल. पुढची फेरी आहेच. संथ चालीने एक फेरी पाच-दहा मिनिटांत होते, तीन कराव्यात. पहिली नुसती बघण्यातच जाते.

स्तूपाभोवतीच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मणिचक्रे, म्हणजे मंत्रांची फिरती पिंपे आहेत. ती उजव्या हाताने, चालण्याच्याच दिशेने ढकलायची, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. खालच्या कडेला किंवा मुठीला हलकेच हात लावला तरी पुरते. जोरात भिरकावले तर मागून येणाऱ्याच्या बोटांना लागते. चक्रे फिरवायची असतील तर भिंतीलगत चाला, नसतील तर बाहेरच्या बाजूने.

फोटोसाठी थांबायचे तर आधी कडेला व्हा. बहुतेक खोळंबा इथेच होतो. फळीवर साष्टांग दंडवत घालणाऱ्यांना ओलांडू नका, त्यांच्या मागून जा. त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

वरच्या ओट्यांवर जाण्याची वाट उत्तरेला, अजिमा म्हणजे हारितीच्या देवळापाशी आहे. वरही दिशा तीच. पांढऱ्या घुमटावरचे पिवळे पट्टे रंगीत पाणी फेकून काढलेले असतात. घुमटाच्या वर बुद्धाचे डोळे रंगवले आहेत, त्यांच्याखाली नाकासारखे दिसते ते देवनागरी ‘१’. मराठी माणसाला ते कुणी समजावून सांगायला नको. त्यावरच्या तेरा पायऱ्या बोधीकडे नेणाऱ्या मानतात. २०१५च्या भूकंपात हा शिखराचा भाग तडकला होता. तो उतरवून नव्याने बांधला आणि २०१६च्या नोव्हेंबरात स्तूप पुन्हा खुला झाला.

दिवा लावलात तर काडी फुंकून विझवू नका, हाताने वारा घाला. अर्पणाजवळ तोंडाची फुंकर अशुद्ध मानतात. भोवतालच्या गोंपांत, म्हणजे बौद्ध मठांत शिरताना टोपी आणि जोडे काढायचे. आत पाठ सुरू असेल तर भिंतीकडेने फिरा आणि बसल्यास पाय मूर्तीकडे करू नका.

परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे. सार्क देशांच्या नागरिकांना ते स्वस्त पडते. त्यासाठी भारतीयांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. पौर्णिमेला आणि ल्होसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला गर्दी इतकी दाटते की चक्रांपर्यंत हात पोहोचत नाही.