पीसीसाठी कस्टम वॉटर कूलिंग: खरेदीआधीचा हिशेब

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता पाण्याने वाहून नेणाऱ्या या यंत्रणेतलं पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, म्हणून आखणी खोलीच्या तापमानापासून सुरू करा. पूर्ण भारावर पाणी हवेपेक्षा साधारण 10 अंश जास्त तापेल असं धरा. मे महिन्यात नागपुरात किंवा अकोल्यात एसी नसलेली खोली 40 अंशांवर गेली, की पाणी 50 वर पोचतं. तेवढ्यावर पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकच्या कडक नळ्या मऊ पडायच्या बेतात येतात आणि फिटिंगमधून, म्हणजे नळी जोडायच्या तुकड्यांतून, निसटू शकतात. अशा घरी ईपीडीएम रबराची नळीच घ्या. ती काळी दिसते, पाणी दिसत नाही, पण भरवशाची.

मग उष्णता मोजा. कोअर आय7-14700के प्रोसेसर कमाल 253 वॉट घेतो, आरटीएक्स 4080 ग्राफिक्स कार्ड घेतं 320, बेरीज 573. दर 120 मिमी पंख्यामागे 100 वॉट धरले, तर सहा पंखे, म्हणजे प्रत्येकी तीन पंख्यांचे, 360 मिमीचे दोन रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारे भाग). असा रेडिएटर प्रत्यक्षात 400 मिमीच्या आसपास लांब भरतो आणि 30 मिमी जाडीचा असला तरी पंख्यासह 55 मिमी जागा खातो. वरचा रेडिएटर रॅमला अडणं ही नेहमीची चूक. कॅबिनेट टेपने मोजा.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात घेणारा धातूचा भाग) कार्डाचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, पाहून घ्या, नुसतं 4080 हे नाव पुरत नाही.

तांबं, पितळ, निकेलचा मुलामा चालेल. त्यांच्यासोबत ॲल्युमिनियमचा एकही भाग नको. तांब्याबरोबर एकाच पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि तो गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो.

फिटिंगचे आटे जी 1/4 मापाचे, नळी 10/16 मिमी (आतला/बाहेरचा व्यास). दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-रिझर्व्हॉयर (पंप आणि पाण्याची टाकी) जोडायला 10 फिटिंग लागतात, निचऱ्याच्या टी आकाराच्या जोडाला आणखी दोन. ब्लॉकचा क्रम कुठलाही ठेवा, फरक अंश-दोन अंशांचा. रिझर्व्हॉयर मात्र पंपाच्या लगेच आधी आणि वर, निचऱ्याचा व्हॉल्व्ह सगळ्यात खाली.

नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स उरलेला असतो. कोमट डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा. भरायला तयार कूलंट वापरा, आरओचं पाणी नको, त्यात क्षार राहतात.

चाचणीच्या वेळी एसएमपीएसचा (वीजपुरवठा युनिटचा) 24 पिन प्लग मदरबोर्डातून काढून त्याला जंपर (मदरबोर्डाशिवाय एसएमपीएस सुरू करणारी जोडणी) लावा, प्रोसेसर आणि कार्डाच्या वायरीही काढा. वीज फक्त पंपाला. डी5 प्रकारच्या पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच, म्हणून तो कोरडा चालू देऊ नका: काही सेकंद चालवा, बंद करा, पाणी घाला. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू ठेवून 24 तास फिरू द्या. पहिल्या आठवड्यात बुडबुडे निघून पातळी उतरते. थोडं कूलंट राखून ठेवा.