चिकाटी अंगी बाणवायचीय? मग सुरुवात अशी करा

सगळ्यात आधी एकच गोष्ट निवडा. पहाटे उठणं, व्यायाम, वाचन, मोबाईल कमी करणं असं सगळं सोमवारपासून एकदम सुरू केलं की गुरुवारपर्यंत सगळंच बंद पडतं.

समजा सूर्यनमस्कार ठरवले. मग वेळ आणि जागा पक्की करा, दात घासले की लगेच, हॉलमधल्या खिडकीपाशी, चहाच्या आधी. "वेळ मिळेल तेव्हा" म्हणालात तर तो मिळतच नाही. आकडा बारा नको, तीन ठेवा. मूड असेल तेव्हा खुशाल जास्त घाला पण पाहुणे आलेत, झोप झाली नाही, ऑफिसला उशीर होतोय अशा दिवशीसुद्धा तीन घालायचेच, कारण खरा कस त्याच दिवशी लागतो, उत्साहात काय कोणीही करतं. झालं की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनाने खूण करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरपाई नको, अंग दुखतं आणि तिसरा दिवसही जातो. तीनच घाला.

पण नुसतं रेटत राहू नका, कमी कुठे पडतोय तेही बघा. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले, कराडजवळच्या गोळेश्वरचा मातीत तयार झालेला पैलवान, तिकडे कुस्ती मॅटवर, तरी सहावे आले. तिथे थांबले नाहीत, सराव सुरूच ठेवला, हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर लोकांकडून मदत गोळा केली आणि १९५२ ला वरच्या वजनगटात ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! मला हे मेडलपेक्षा मधल्या चार वर्षांसाठी फार मोठं वाटतं.

स्वभाव बदलायचा असेल, समजा राग, तरी हेच करा. रात्री वहीत एक ओळ लिहा, आज कोणावर ओरडलो, कशावरून, किती वाजता. आठवड्याने वाचा. बरेचदा दिसतं की ऑफिसमधून आल्या आल्या, पोटात काही नसताना भडका उडतो, मग आधी दोन घास खा आणि नंतर मुलांचा अभ्यास घ्या. घरातल्या एकाला सांगून ठेवा की माझा आवाज चढला की लगेच सांग, आणि त्याने सांगितलं की "मी कुठे ओरडतोय" म्हणायचं नाही, गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे.

दुसरी सवय कधी जोडायची? पहिलीची आठवण स्वतःला करून द्यावी लागत नाही तेव्हा, त्याआधी नको.