लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट वाचून धंद्यात उतरताय? या चुका टाळा

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत किर्लोस्करवाडी स्टेशन आलं की डब्यातला कुणीतरी सांगतोच, "इथं नुसतं निवडुंग आणि नाग होते. एका माणसानं कारखाना उभा केला." गोष्ट खरी आहे आणि आमच्या सांगलीकडे ती प्रत्येकाला पाठ आहे. मी कुपवाडच्या एमआयडीसीत 19 वर्षं वर्कशॉप चालवतोय. दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचे दोन सेट, सहा माणसं. धंदा सुरू करायचाय म्हणून जी पोरं भेटायला येतात, त्यांच्या तोंडी लक्ष्मणरावांचं नाव असतंच. फक्त त्यांनी त्या गोष्टीतलं धाडस तेवढं उचललेलं असतं. धाडसाच्या मागं रोजच्या खर्चाची सोय काय होती, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याची किंमत घरानं मोजली.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका

लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. हा प्रसंग ऐकताना पोरांचे डोळे चमकतात. पण त्याच्या आधीचं ऐका. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत होते. थोरले बंधू रामूअण्णा तिथं त्या विकायचे आणि 15 रुपये घेऊन लोकांना चालवायला शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स आपली सुरुवात 1888 पासून मोजते ती या दुकानामुळे. म्हणजे मुंबई सोडली त्या दिवशी बेळगावात चालतं दुकान होतं आणि त्यात सख्खा भाऊ बसलेला होता.

मी सुपरवायझरशी वाजलं म्हणून दुपारी राजीनामा दिला आणि संध्याकाळी घरी सांगितलं. बायकोचे दागिने पतसंस्थेत ठेवले, ते सोडवायला दोन वर्षं लागली. आता कुणी विचारलं तर मी दोनच प्रश्न विचारतो. तुमच्या मालाला किंवा कामाला, नात्यातला नसलेल्या कुणी आजवर पैसे दिलेत का? आणि घरखर्चाचे किमान वर्षभराचे पैसे भांडवलापासून वेगळ्या खात्यात आहेत का? दोन्हीचं उत्तर "नाही" असेल तर राग गिळा, शनिवार-रविवार काम सुरू करा आणि महिन्याचा पगार येऊ द्या.

चिकाटी म्हणजे एकाच गोष्टीला चिकटणं नव्हे

लक्ष्मणराव मुळात मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली. हात चांगला होता, तो यांत्रिक ड्रॉइंगकडे वळवला आणि पुढं तेच शिकवायला लागले. रंगांवर अडून बसले असते तर पुढं गाजलेला त्यांचा लोखंडी नांगर झाला नसता.

तुमचा धंदा अडला असेल तर आधी नेमकं काय अडलंय ते पाहा. माल चांगला पण गिऱ्हाईक चुकीचं, असं असू शकतं. गिऱ्हाईक बरोबर आणि भाव चुकीचा, असंही असू शकतं. माझ्या ओळखीच्या एका तरुणानं गेट-ग्रिलच्या धंद्यात चार वर्षं तोटा सोसला. हिशोब मांडला तेव्हा दिसलं की ग्रिलमध्ये काहीच सुटत नव्हतं, पण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुरुस्तीत बरं सुटत होतं. ते काम तो "मधेमधे येतं" म्हणून मोजतच नव्हता.

गिऱ्हाइकाच्या "नको"ला अडाणीपणा म्हणू नका

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण कारागिराला आपल्या मालाचं प्रेम असतं आणि त्या प्रेमापुढं दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष बाधतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. ही दोन वर्षं आपण एका ओळीत वाचून टाकतो. साचा, ओतकाम, कोळसा, माणसं यांचा खर्च होऊन माल तसाच पडून आहे, हे दोन वर्षं रोज सकाळी बघावं लागलं असेल. मात्र घरात येणारा पैसा फक्त नांगरावर अवलंबून नव्हता. नांगराच्या आधीच त्यांनी कडबा कापायची यंत्रं बनवायला घेतली होती. मोठ्या मालाची वाट बघताना छोटा माल चूल पेटती ठेवत होता. तुमच्याकडे असा छोटा माल कुठला आहे, हे आज कागदावर लिहा.

आता माझं सांगतो. नऊ वर्षांपूर्वी मी सायकल कोळपं बनवलं. सायकलचं जुनं चाक, पुढं पाइपाचं हँडल, खाली पास म्हणजे तण कापणारं पातं. भुईमूग, सोयाबीनच्या भांगलणीला चांगलं. पहिली 40 नगं हातोहात गेली आणि पुढं मागणी एकदम थांबली. दुकानदार म्हणाला, "लोकांना सवय नाही हो, हळूहळू लागेल." मला ते पटलं, कारण तेच ऐकायचं होतं. सहा महिने वाट पाहिली. शेवटी पलूसकडच्या एका शेतात गेलो तर माझं कोळपं गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं आणि बायका खुरपं घेऊन बसलेल्या. एका आजींनी न विचारताच सांगितलं, "बाळा, ह्याची दांडी माझ्या खांद्याला येतीया. दुपारपातुर हात उचलत न्हाईत." विकत घेणारे पुरुष होते आणि चालवणाऱ्या बायका. मी हँडल स्वतःच्या उंचीनं लावलं होतं.

हँडलला भोकं पाडून उंची कमीजास्त होईल असं केलं. एका नगाला एक बोल्ट आणि थोडं ड्रिलिंग वाढलं, इतकाच काय तो खर्च. पुढच्या हंगामात माल पुन्हा सुरू झाला.

म्हणून नकार आला की त्याचे दोन ढीग करा. एक समजाचा: लोखंडानं विष बाधतं, असला. तो शेजारच्या वावरात माल चालताना पाहिल्यावर विरतो, त्याला वेळ आणि प्रात्यक्षिक द्यावं लागतं. दुसरा अडचणीचा: जड आहे, मोडलं तर गावात दुरुस्त होत नाही, दांडी उंच आहे. तो तुम्ही मालात बदल केल्याशिवाय हटत नाही. कुठला नकार कुठल्या ढिगातला, हे दुकानदाराकडून कळत नाही, त्यासाठी वापरणाऱ्याकडं जावं लागतं.

सगळं वजन एकाच खांबावर

बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि लक्ष्मणरावांना तिथून उठावं लागलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडलजवळ 32 एकर माळ आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज मिळालं, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी सुरू झाली. प्रत्येकाला बाळासाहेब भेटत नाहीत, हे ध्यानात ठेवा. भाड्याच्या शेडचा करार किती वर्षांचा आहे, वीज कुणाच्या नावावर आहे, हे मशीन बसवायच्या आधी तपासा. तसंच एका गिऱ्हाइकाचं काम निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. माझं दहापैकी आठ भाग काम एका मोठ्या कारखान्याचं होतं. त्यांनी एका पत्रानं ते थांबवलं आणि मी दोन चांगले टर्नर गमावले.

उधारीचा हिशोब मनात ठेवणं

छोटी वर्कशॉप काम नसल्यामुळे बंद पडतात त्याहून जास्त, केलेल्या कामाचे पैसे न आल्यामुळे बंद पडताना मी पाहिली आहेत. समजा 1,00,000 रुपयांचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करून दिलेलं काम, केलं. बिलावर 18 टक्के जीएसटी लागला, म्हणजे 18,000. समोरच्यानं पैसे दिले असोत वा नसोत, बिल फाडलं की हा कर बहुतेकांना पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. आपण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण जॉबवर्कमध्ये आपली खरेदीच थोडी असते, त्यामुळे बराचसा भार खिशातून जातो. चार महिन्यांची उधारी दिली म्हणजे मजुरी, वीज आणि वर सरकारचा करही आपण गिऱ्हाइकासाठी भरून बसलो.

यावर इलाज आहेत आणि ते फुकट आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, करून घ्या. ती 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आहे, तिला एक रुपयाही लागत नाही. एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणी माल देण्याच्या आधीची असू द्या आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट स्वतःच फोन करतो, हे मी अनुभवलंय.

तक्रार सरकारच्या पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, करता येते. पण तक्रार केली की ते गिऱ्हाईक बहुधा तुटतं. त्यामुळे आधी मुदत संपायच्या आठवडाभर अगोदर आठवण, मग लेखी पत्र, मग पुढचा माल थांबवणं, आणि शेवटी परिषद, असा क्रम मी ठेवतो. बहुतेक पैसे पत्राच्या टप्प्यावर येतात. त्यासाठी चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीवर, माल घेणाऱ्याची सही आणि तारीख हवी. ती नसेल तर मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, इथंच वाद सुरू होतो.

सगळ्या किल्ल्या आपल्याच खिशात

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले, हे पुष्कळांना माहीत असतं. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला म्हणून लक्ष्मणरावांना कारखान्यात लक्ष देता आलं, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीला ठेवलं होतं.

हे वाचून मी पाच वर्षांपूर्वी वर्कशॉपची दुसरी किल्ली आमच्या सगळ्यात जुन्या वेल्डरकडं दिली. सोबत खरेदीसाठी 10,000 रुपयांपर्यंतची मुभा आणि एक वही. काय घेतलं, कुणाकडून, कशाला, एवढंच लिहायचं. गेल्या श्रावणात वडील मिरजेच्या दवाखान्यात 11 दिवस होते आणि मी त्यांच्या उशाशी होतो. परत आलो तेव्हा वहीत नऊ नोंदी होत्या, तीन डिलिव्हऱ्या वेळेवर गेल्या होत्या, आणि चलनांवर सही-तारीख होती.