भोक पाडायच्या आधी : जुन्या माउंटन बाइकच्या (एमटीबीच्या) केबल्सशी झालेली माझी झटापट

पावसाळ्यात पुण्याच्या वेताळ टेकडीवर दोन चकरा झाल्या की माझ्या सायकलचे गिअर रुसायचे. हँडलवरचा शिफ्टर दाबला की चेन मोठ्या चकतीवर चढायची पण परत खाली यायचं नावच नाही, मग उतरून वरच्या नळीवरची उघडी वायर बोटानं दोनचार वेळा ताणायची, चिखल पुसायचा, पुन्हा बसायचं. एक वर्ष मी डिरेलरलाच, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागालाच, शिव्या घातल्या. नवीन डिरेलर घेतला, हँगर (डिरेलर टांगायचा तुकडा) सरळ करून घेतला, चेन बदलली. नंतर कळलं की डिरेलर बिचारा ठीकच होता, त्याची स्प्रिंग वायर परत ओढायला बघत होती पण वायर आऊटरमधल्या, म्हणजे तिच्यावरच्या आवरणातल्या, चिखलात चिकटून बसलेली.

हे सगळं लिहायचं कारण असं की हल्ली बरेच जण जुनी स्टीलची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) सेकंडहँड घेतात आणि तिला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, सिंगल चेनरिंग (पुढे एकच चकती), जमलं तर ड्रॉपर (चालवतानाच सीट खाली-वर करणारा दांडा) असं सगळं बसवतात, मग केबल कुठून न्यायच्या हा प्रश्न येतो आणि पहिला मेसेज हाच असतो की दादा, डाउन ट्यूबला (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीला) भोक पाडलं तर चालेल का. मीही इथूनच सुरू केलं होतं. मी डिप्लोमा मेकॅनिकलचा, ड्रिल हातात धरता येतो, तेवढ्यावर माज होता.

तर आधी सायकल. 2000 नंतरच्या दशकातली क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची) फ्रेम, 26 इंची चाकं. टॉप ट्यूबवर, म्हणजे वरच्या नळीवर, केबल स्टॉप्सच्या (आऊटर येऊन टेकतो त्या तुकड्यांच्या) तीन जोड्या: पुढचा डिरेलर, मागचा डिरेलर आणि मागचा रिम ब्रेक. मागे डिस्क ब्रेक बसवायचा टॅब होता पण हायड्रॉलिक होज (ब्रेकच्या तेलाची नळी) धरायला फ्रेमवर काहीच नाही, आधीच्या मालकानं अकरा केबल टाय मारून होज टॉप ट्यूबला बांधला होता. (अकरा, मी मोजले.) सायकल खांद्यावर घेऊन दगडांतून चढायचं म्हटलं की ते टायचे कापलेले शेंडे मानेला टोचायचे.

आता मागच्या गिअरची वायर बघा. शिफ्टरपासून पहिल्या स्टॉपपर्यंत आऊटर, मग टॉप ट्यूबवर उघडी वायर, मग सीट स्टेकडे (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीकडे) वळताना आऊटरचा छोटा तुकडा, परत उघडी वायर, आणि शेवटी डिरेलरकडे जाणारा वळसा. तीन तुकडे म्हणजे सहा तोंडं, आणि प्रत्येक तोंडातून पाणी आत. कोरड्या हवेत ही पद्धत छान, वजन कमी, घर्षण कमी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या चिखलात नाही. शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत एकच अखंड आऊटर नेला की तोंडं दोनच उरतात. मला जे करायचं होतं ते एवढंच होतं आणि त्याला नळीला भोक लागतच नाही, पण हे कळायला मध्ये एका मित्राची फ्रेम गेली.

त्याची ॲल्युमिनियमची फ्रेम होती. त्याला केबल आतून न्यायच्या होत्या, दिसायला भारी म्हणून. डाउन ट्यूबला हेड ट्यूबपासून (हँडलचा दांडा बसतो त्या पुढच्या आखूड नळीपासून) चार बोटांवर, बरोब्बर खालच्या बाजूला, आम्ही दोघांनी मिळून 8 मिमीचं भोक पाडलं. हो, मीपण होतो, ड्रिल माझाच. आठ महिन्यांनी तो धुताना म्हणाला अरे इथे रंग फाटलाय बघ. रंग नव्हता, भोकाच्या कडेपासून सुरू झालेली भेग होती, करंगळीच्या पेराएवढी. फ्रेम भंगारात. उतारावर गेली नाही हे नशीब.

चूक एक नव्हती, तीनचार होत्या. डाउन ट्यूबचा हेड ट्यूबजवळचा भाग म्हणजे सगळ्यात जास्त ताण खाणारी जागा, पुढचं चाक दगडावर आपटलं की सगळा जोर तिथे येतो. त्यातही नळीची वरची आणि खालची बाजू ताण-दाब घेते, बाजूच्या भिंतींवर वाकण्याचा ताण त्यामानानं कमी, म्हणजे आम्ही बरोब्बर चुकीची बाजू निवडली. भोकाच्या कडेला ताण गोळा होतो हे तर मी परीक्षेत लिहून आलो होतो! कडेवरचा बर (ड्रिलनं उठलेली खरखरीत धार) कानसेनं साफ केला नाही, तिथूनच भेग निघाली असणार. आणि ॲल्युमिनियमचा स्वभावच असा की छोटे छोटे धक्केही मोजत राहतं, स्टीलसारखी 'याच्या खाली कितीही वेळा वाकव' अशी मर्यादा त्याला नाही. कंपनीच्या फ्रेमला भोकं असतात ती मुळातच धरून डिझाईन केलेली असतात, तिथे नळी जाड ठेवतात नाहीतर भोवती जादा धातू देतात. शिवाय चांगल्या फ्रेमच्या नळ्या बटेड असतात, टोकाला जाड आणि मध्ये पातळ, 0.8-0.5-0.8 मिमी हा स्टीलमधला अगदी नेहमीचा आकडा. अर्धा मिलिमीटर. बाहेरून हात फिरवून कुठे पातळ आहे ते समजत नाही. कार्बनबद्दल विचारूच नका, आणि वॉरंटी असेल तर ती भोक पाडल्या क्षणी गेली.

बरं, मग मी काय केलं. आधी जे नको ते काढलं. पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, त्याची वायर, सगळं. पुढे एकच नॅरो-वाइड (एकाआड एक अरुंद-रुंद दातांची) चेनरिंग. नुसत्या एवढ्यानं हँडलसमोरचं जाळं अर्धं झालं आणि स्टॉप्सची एक जोडी मोकळी. रिम ब्रेक आधीच गेलेला त्यामुळे दुसरी जोडीपण मोकळी. खरं सांगतो, निम्म्या लोकांचं काम इथेच होतं, पुढे जायची गरज नाही. स्टॉपच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या क्लिपा मिळतात, त्यात होज अडकवला की झालं. चिकटवायचे गाइडपण (होज धरणारे छोटे तुकडे) मिळतात, त्यासाठी रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा आणि चिकटवून एक दिवस हात लावू नका. माझे एका पावसाळ्यात दोन निघाले, पण मी आदल्या दिवशी सायकल पॉलिश केली होती, त्यामुळे दोष कोणाचा ते उघड आहे.

मग स्टॉप. स्टॉपमध्ये एका बाजूनं फेरूल (आऊटरच्या टोकाची टोपी) बसेल एवढा खड्डा असतो आणि दुसऱ्या बाजूला फक्त इनर (आतली वायर) जाईल एवढं बारीक भोक. मधली ही भिंत काढली की आऊटर आरपार जातो. गिअरचा आऊटर 4 मिमी, म्हणून 4.2 चा बिट घेतला. स्टॉप हा नळीवर बसवलेला वेगळा तुकडा आहे, तो कोरला म्हणून फ्रेमची ताकद जात नाही, हाच सगळा मुद्दा. फक्त हे उलट फिरवता येत नाही, पुन्हा उघडी वायर लावायची तर फेरूलला टेकायला जागाच नाही, त्यामुळे दोन दिवस विचार करा.

प्रत्यक्षात अडचण वेगळीच आली. ड्रिल नळीला समांतर धरायचा, आणि ड्रिलचा चक नळीला आपटतो! बिट वाकडा जातो, स्टॉपऐवजी नळीच कोरली जायची भीती. मी बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन लांब बिट आणला, नळीवर पत्र्याची पट्टी टेपनं चिकटवली, अगदी हळू चालवला आणि शेवटचं अर्धं काम गोल कानसेनं हातानं केलं. एका स्टॉपला अर्धा तास. घाई करणाऱ्यानं हे काम दुसऱ्याला द्यावं. आतली कड गोल करायला विसरू नका, नाहीतर आऊटरचं प्लॅस्टिक कापलं जातं. उघडा पडलेला धातू लगेच प्रायमरनं झाका, मी वर नेलपॉलिश लावलं, बायकोच्या डब्यात बरोब्बर तोच लाल होता.

आता होज. इथे एक आपल्याकडची गंमत आहे. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्या. अमेरिकेत उलट. माझी फ्रेम त्या हिशोबानं बनलेली, मागच्या ब्रेकचा स्टॉप डावीकडे, म्हणजे उजव्या लिव्हरवरून हेड ट्यूबसमोरून मोठा वळसा घेऊन डावीकडे उतरायचं. माझा मागचा लिव्हर डावीकडे, त्यामुळे होजला एकदम आखूड वळण मिळायचं आणि हँडल वळवलं की तो कमानीसारखा बाहेर यायचा. साधा नियम, लिव्हर ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध बाजूनं फ्रेमवर उतरा. म्हणून होज उजवीकडून डाउन ट्यूबवर घ्यायचा, खाली बीबीजवळ (पेडलच्या आसाजवळ) डावीकडे वळवायचा आणि चेनस्टेवरून (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवरून) कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या भागाला, न्यायचा असं ठरवलं. त्यासाठी डाउन ट्यूबच्या बाजूला तीन छोटे गाइड बसवून घ्यायचे होते.

स्टील असल्यानं हे शक्य होतं. ब्रेझिंग, म्हणजे आपला पक्का डाख. ॲल्युमिनियमवाल्यांनी हा परिच्छेद सोडा, 6061-टी6 ची ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते, तापवलं की तिथे मऊ पडतं, वेल्डिंगनंतर आख्खी फ्रेम परत भट्टीत घालावी लागते आणि ते आपल्या घरी होत नाही.

आमच्या गल्लीत फ्रिज-एसी दुरुस्त करणारे काका आहेत, तांब्याच्या नळ्या इतक्या सफाईनं जोडतात की बघत राहावं. मी गेलो त्यांच्याकडे. "अरे दोन मिनिटांचं काम आहे, आण इकडे," म्हणाले, आणि खरंच दोन मिनिटांत पहिला गाइड बसला, दिसायला सुंदर. घरी येऊन अंगठ्यानं जरा दाबला तर टुक करून हातात. कारण त्यांची नेहमीची कांडी तांबे-फॉस्फरसची, तांब्यावर ती उत्तम, पण स्टीलवर फॉस्फरस आणि लोखंड मिळून ठिसूळ थर तयार होतो. काकांना सांगितलं तर आधी पटलं नाही, मग मी तो तुकडाच दाखवला. "बरं, मग चांदीची कांडी आण तूच, आणि फ्लक्सपण," म्हणाले. (फ्लक्स म्हणजे तापताना सांध्याचा धातू स्वच्छ ठेवणारी पेस्ट.)

45 टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी आणली. हे कॅडमियमचं नीट बघून घ्या, त्याचा धूर विषारी असतो, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. चांदीचा डाख साधारण 700 अंशांच्या आसपास वाहतो, पितळेला 900 च्या आसपास जावं लागतं, म्हणून पातळ नळीला चांदी बरी. आधी फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा), हेडसेट (हँडलची बेअरिंग), बीबी सगळं उतरवलं, जागेवरचा रंग पॉलिश पेपरनं पार चकचकीत धातू लागेपर्यंत काढला, नळीची टोकं उघडी ठेवली म्हणजे आतली गरम हवा कोंडत नाही. फ्लक्स नंतर काचेसारखा घट्ट होतो, तो गरम पाण्याच्या फडक्यानं भिजवून काढला, तसाच ठेवला तर खालून गंज. हा गाइड मी पान्यानं ठोकून बघितला, हलला नाही.

आणि गाइड घेताना खाचेचे घ्या, बंद कडीचे नको. बंद कडीतून होज न्यायचा तर लिव्हरकडून कापावा लागतो, मग नवीन ऑलिव्ह, नवीन बार्ब (होजच्या टोकाचे बारीक जोड), परत ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं. खाचेत नुसता बाजूनं दाबून वर एक टाय. मी तीनपैकी एक बंद कडीचा लावला कारण तो दिसायला छान होता, आणि त्यानंतर दर वेळी ब्रेक उतरवताना मिनरल ऑइलची बाटली शोधत बसतो.

आऊटर कापायला पकड वापरू नका, केबल कटरच हवा. कापल्यावर टोक कानसेनं सपाट करायचं आणि आतली नळी दाभणानं उघडायची, ती दबलेली असते आणि मग लोक म्हणतात अखंड आऊटर लावूनही गिअर जड. मेकॅनिकल ब्रेक असेल तर गिअरचा आऊटर ब्रेकला चुकूनही लावू नका, त्यातल्या तारा सरळ असतात, जोरात दाबल्यावर तो फाटू शकतो. लांबी ठरवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. फुल सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर दाबून मोजा.

ड्रॉपर राहिला. सीट ट्यूबच्या तळाशी भोक पाडून आतून न्यायचा मोह झाला, पेन्सिलनं खूणसुद्धा केली. मग मित्राची ती भेग आठवली आणि बाहेरून वायर जाणारा ड्रॉपर घेतला. त्याची वायर पुढच्या डिरेलरच्या रिकाम्या स्टॉपमधून जाते, तोही कोरून 4.2 केला. सीट खाली गेली की मागे वायरचा लूप बाहेर येतो आणि मांडीला लागतो, दिसायला अगदीच गावठी. पेन्सिलची खूण अजून तिथेच आहे.

या पावसाळ्यात जुलैपासून एकदाही वायर बदललेली नाही. रिम ब्रेकचे दोन स्टॉप तसेच रिकामे आहेत, लोक म्हणतात घासून टाक, पण पुढच्यात मी पंपाचा पट्टा अडकवतो.